सांतोबाचं गाव

सुमित्राकाकू कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याशी जे बोलत होत्या ते मराठी नव्हतं, आणि इंग्रजीही नव्हतं.

डिकीतून बॅग उतरवता उतरवता आश्लेषा थबकली. शब्द नाकातून येत होते, मध्येच गिळले जात होते. लोकरीची टोपी घातलेला तो उंच म्हातारा निम्मंशिम्मं कळल्यासारखी मान हलवत होता. काकूंनी त्याला काहीतरी विचारलं. त्यावर त्यानं दोन्ही हात वर केले आणि अगदी स्वच्छ म्हणाला, "अगोबाई!"

"आई, ऐकलंत?" आश्लेषानं सासूला विचारलं.

उल्काला थंडीपुढे काही ऐकू येत नव्हतं. "आधी आत चल गं. कान गळून पडतील."

सेंट लुईसच्या विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन ते मिसिसिपीच्या कडेकडेनं तासभर खाली आले होते. अनीशचं ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून आश्लेषा नवऱ्याशिवाय सासू-सासऱ्यांबरोबर आली होती. अख्खा रस्ता सासरे, शशिकांत, तिला एकच गोष्ट समजावत होते. "तू नवीन आहेस. तुझ्यावर वहिनींचा राग नाही. गोड बोलून पटव. म्हणावं, एडिसनला या. आमच्यापासून दहा मिनिटांवर फ्लॅट बघून ठेवलाय, एलिव्हेटर आहे, समोर देऊळ आहे, ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं. इथे त्या जंगलात एकटी बाई काय करणार?"

काकूंचे यजमान, शशिकांतांचे थोरले भाऊ चंदूकाका जाऊन चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध एडिसनला झालं तेव्हाही सगळ्यांनी काकूंना थांबवून घ्यायचा प्रयत्न केला होता. त्या तिसऱ्या दिवशी विमानात बसून परत आल्या होत्या. म्हणून या वेळी नाताळच्या सुट्टीत खांबेट्यांचं घर इकडे लोटलं होतं.

"काकू, ते गृहस्थ 'अगोबाई' म्हणाले," स्वयंपाकघरात कोट काढायच्या आधीच आश्लेषानं विचारलं.

काकू हसल्या. त्र्याहत्तर वर्षांची शिडशिडीत बाई, जाड मोजे, वर स्वेटर, आणि कपाळावर बारीकशी टिकली. "रेमंडला वाटतं तो फ्रेंच शब्द आहे. त्याची आत्या म्हणायची ना! आत्यानं तो माझ्याकडून उचलला होता. मी कधी सांगितलं नाही. आता इतकी वर्षं झाली, राहू दे त्यांच्याकडेच."

"आणि तुम्ही त्यांच्याशी बोलत होतात ते?"

"ते त्यांचं फ्रेंच. इथलं, जुनं. पॅरिसवाल्यांना निम्मं कळणार नाही. मच्छराला मारेंग्वां म्हणतात, रॅकूनला शाउई." काकूंनी चहाचं आधण ठेवलं. "गावाचं नाव तू काय वाचलंस पाटीवर?"

"सेंट ऑबिन."

"सगळे तेच म्हणतात. पण जुन्या माणसांच्या तोंडी ते 'सांतोबां' असं यायचं. ह्यांनी पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि म्हणाले, सुमित्रा, काळजी करू नकोस, म्हसोबा, खंडोबा, तसा हा सांतोबा. आपण देवाच्याच गावी आलोय."

बाहेरच्या खोलीत शशिकांत हसले नाहीत. ते भिंतीवर हात फिरवत ओल शोधत होते.

*

दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकतीस डिसेंबरच्या सकाळी, आश्लेषा काकूंबरोबर गाव बघायला निघाली. सासऱ्यांनी तिच्याकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. कामगिरीवर चाललीय असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे आश्लेषाला रात्रीपासून इतके प्रश्न पडले होते की कामगिरी तिच्या लक्षातही नव्हती. लहानपणी नागपूरला तिचे वडील म्हणायचे, या पोरीला जेवण एक वेळ नसलं तरी चालेल, उत्तर पाहिजे.

गाव चढावर होतं. दगडी चर्च, त्याच्याभोवती अरुंद गल्ल्या, आणि गल्ल्यांमध्ये ठेंगणी, चुन्यानं रंगवलेली घरं. प्रत्येक घराला चारी बाजूंनी ओसरी आणि ओसरीवर खाली उतरत आलेलं छप्पर. एडिसनमधल्या घरांसारखं इथे काहीच नव्हतं.

"अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी कॅनडाकडून फ्रेंच लोक नदीनं खाली आले," काकू चालता चालता सांगत होत्या. "बाकीची अमेरिका ओंडके आडवे रचून घरं बांधते. हे उभे रोवायचे. खांबाला खांब लावून. मधल्या फटीत माती आणि गवत."

"तुमचं घरही तसंच?"

"ते आम्हाला कुठे माहीत होतं! स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. पुढे काही वर्षांनी ह्यांनी वायर बदलायला भिंतीची फळी काढली, तर आत देवदाराचे खांब उभे. ह्यांचा आनंद काय सांगू! म्हणाले, खांबेट्यांना खांबांचंच घर मिळालं. गावभर सांगत सुटले. पण त्यांचा विनोद कळणार कुणाला? मलाच हसावं लागायचं."

एका घराच्या मागे वेगळं, दगडी स्वयंपाकघर होतं. वर एक बुटकी खोली.

"इथे कोण राहायचं?"

"गुलाम," काकू म्हणाल्या. "ही घरं, या ओसऱ्या, त्यांच्याच हातच्या. आधी पाटीवर लिहीत नसत. आता लिहितात. पण मला ते पाटीच्या आधी क्लेमीनं सांगितलं होतं. आवाज बारीक करून."

क्लेमी म्हणजे क्लेमांस, रेमंडची आत्या, काकूंची शेजारीण. तिचं नाव दर दोन गल्ल्यांनंतर येत होतं. आश्लेषानं मनात त्या बाईसाठी एक खुर्ची मांडून टाकली.

उतार संपला तसा मातीचा उंच बांध लागला आणि बांधावर चढल्यावर नदी दिसली. रुंद, करडी, हळू. धान्याच्या पडावांची एक लांबलचक रांग प्रवाहाविरुद्ध कण्हत चालली होती. अलीकडे शेतं होती, एखाद्या फुटपट्टीसारखी अरुंद आणि लांब.

"अशी का हो ही शेतं?"

"प्रत्येकाला नदी मिळावी म्हणून. वाटणी करताना रुंदी कमी करायची, पण नदीचं टोक कुणाचं तोडायचं नाही."

"आमच्याकडे असतं तर आधी टोकावरूनच कोर्टात गेले असते," आश्लेषा म्हणाली आणि दोघी हसल्या.

"पहिलं गाव इथे खाली होतं. एका वर्षी नदीनं सगळं नेलं. मग घरं वर बांधली, पण शेतं खालीच ठेवली. माणूस वर, जीव खाली." काकूंनी मफलर नीट केला. "मी आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मिरजेतून थेट इथे. हे चुन्याच्या कारखान्यात केमिस्ट, शिफ्ट ड्यूटी. माझं इंग्रजी पुस्तकातलं, कुणाला कळायचं नाही. क्लेमी तेव्हा सत्तरीला आली होती. तिच्या घरचं फ्रेंच. शाळेत गेली तर फ्रेंच बोलल्याबद्दल मास्तरीण कोपऱ्यात उभं करायची. म्हणून तिनं आपल्या पोरांना एक शब्द शिकवला नाही. आणि मग म्हातारपणी बोलायला कुणी उरलं नाही. मी दिसले तर सरळ फ्रेंचमध्ये सुरूच झाली. तिला वाटलं असेल, हिला नाहीतरी काही कळत नाहीच, मग काय वाईट!"

"आता किती जण बोलतात?"

"रेमंडला समजतं, पण बोलताना अडखळतो. बाकीच्यांना फक्त एक गाणं येतं, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळचं. आज ऐकशील. गाणं पाठ आहे, पण अर्थ विचारलास तर सांगता येणार नाही."

"म्हणजे नीट बोलणाऱ्या…"

"मी," काकू म्हणाल्या. बोलताना त्यांची पाठ कशी जरा ताठ झाली, हे आश्लेषानं पाहिलं. मिरजेची बाई, आणि एका फ्रेंच गावाची भाषा तिच्या एकटीच्या तोंडात.

"पण काकू, तुम्ही कशासाठी शिकलात? शेजारणीशी चार शब्द बोलणं वेगळं. हे तर…"

काकूंनी नदीकडे पाहिलं. "वाटाणे भिजत घातलेत, ते शिजायला टाकायला हवेत. चल."

*

यतीन आदल्या रात्री सनीव्हेलहून आला होता. काकूंचा एकुलता एक मुलगा. चिप डिझाइनमध्ये, बेचाळीस वर्षांचा, वडिलांसारखाच उंच. बायको प्रीता आणि नऊ वर्षांची केया तिकडेच राहिल्या होत्या. यतीनला मराठी सगळं समजायचं. बोलायचा मात्र इंग्रजीच. घरातल्यांना त्याची इतकी सवय होती की मराठीत विचारायचं आणि इंग्रजीत उत्तर घ्यायचं, यात कुणाला वावगं वाटत नसे.

वाटाण्याच्या उसळीचा पहिला घास खाऊन होतो न होतो तोच शशिकांतांनी विषय काढला.

"वहिनी, आता स्पष्ट बोलतो. दादा असता तर गोष्ट वेगळी होती. बर्फात पाय घसरला तर आम्हाला कळायला दोन दिवस लागतील."

"रेमंडला दोन मिनिटांत कळेल, भावजी."

"रेमंड आपला कोण?"

"तुम्ही वर्षातून एकदा येता, तो रोज येतो. नातं तुम्हीच ठरवा."

शशिकांतांनी मदतीसाठी आश्लेषाकडे पाहिलं. आश्लेषानं उसळ वाढून घेतली.

"मॉम," यतीन ताटाकडे बघत म्हणाला, "देअर इज अ रिअल्टर कमिंग ऑन द सेकंड." मग भराभर इंग्रजीत सांगून मोकळा झाला की घरविक्रीचा एजंट नुसतं घर बघायला येणार आहे, किंमत काय येईल तेवढं सांगेल, काका आणि तो फोनवर बोलले होते, जुन्या घरांना हल्ली मागणी आहे.

काकूंनी चमचा खाली ठेवला. "फोनवर बोललात. दोघं."

"तुमच्या भल्यासाठीच ना," शशिकांत म्हणाले.

"उल्का, तुला माहीत होतं?"

उल्का आतापर्यंत गप्प होती. चाळीस वर्षं दोन्ही जावांचं नातं फोनवरच चाललं होतं. कुणाच्या मुलाला किती मार्क, कुणाकडे कोणती गाडी. त्यात अंतर होतं म्हणून सगळं गोड होतं. आश्लेषाला वाटलं, सासू नवऱ्याचीच री ओढणार.

"माहीत होतं," उल्का म्हणाली. "पण मला विचाराल तर वहिनींनी येऊ नये."

"अगं!" शशिकांत म्हणाले.

"अहो, आपल्या बिल्डिंगमध्ये किती आज्या आहेत बघा ना. सकाळी वॉक, दुपारी सिरियल, संध्याकाळी मुलगा कधी येतो म्हणून खिडकी. मीही त्यातलीच होत चाललेय. काल वहिनी ग्रोसरीत शिरल्या तर पाच माणसं येऊन बोलून गेली. माझ्याशी ओक ट्री रोडवर कोण बोलतं? तिथे आणून त्यांना माझ्यासारखं करायचंय का?"

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

*

पाच माणसं होती, रेमंड धरून. संध्याकाळच्या गाण्याची तालीम करायला आली होती. कुणी चिंध्यांचा कोट घातला होता, कुणी बायकोचा झगा, एकाच्या टोपीला कोंबड्याची पिसं. शशिकांतांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "अरे, हे तर आपले शिमग्याचे खेळे!"

काकू स्वयंपाकघराच्या मध्ये खुर्ची घेऊन बसल्या. रेमंडनं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, सुरात लावलं. गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्याच ओळीला काकूंचा हात वर गेला. "नाकातून, रेमंड, नाकातून!" हे त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि मग ती ओळ स्वतः म्हणून दाखवली. साठी-सत्तरीचे ते पाच जण, त्यात एक निवृत्त शेरीफ, शाळेतल्या पोरांसारखे त्यांच्या मागून म्हणू लागले. एक शब्द पुन्हा पुन्हा चुकत होता. काकूंनी तो सात-आठ वेळा घोटून घेतला. चिडल्या नाहीत, कंटाळल्या नाहीत.

आश्लेषा बघत होती काकूंकडे, पण तिचं लक्ष गेलं यतीनकडे. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

ती माणसं गेली. दार लागलं. यतीन इंग्रजीतच बोलला, पण त्यातला एक शब्दही आश्लेषा पुढे विसरली नाही. तो म्हणाला की या म्हाताऱ्यांना तू एकेक शब्द आठ-आठ वेळा शिकवतेस. मला का नाही शिकवलंस? मी मिरजेला जायचो तर माझे मामेभाऊ माझ्या मराठीला हसायचे. आजी मरताना माझ्याशी काहीतरी बोलली, मी नुसती मान हलवली. बाबांशी शेवटच्या महिन्यात बोलताना त्यांचं इंग्रजी हरवत चाललं होतं, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. केयाला तर काहीच येत नाही. यू लर्न्ड देअर लँग्वेज, मॉम. यू डिडन्ट गिव्ह मी माइन.

"यतीन," शशिकांत म्हणाले, "आईशी असं…"

"बोलू दे त्याला, भावजी." काकू खुर्चीवरून उठल्या नाहीत. "तू सात वर्षांचा होतास. मी तुला शाळेतून आणायला आले, मराठीत हाक मारली. मुलं हसली. घरी येईपर्यंत तू रडलास आणि म्हणालास, डोन्ट टॉक दॅट. मास्तरणीनंही चिठ्ठी दिली, घरी इंग्रजीच बोला, मुलगा मागे पडतोय. ह्यांना वाटलं, बरोबर आहे. मलाही वाटलं. क्लेमी एकटी ओरडली माझ्यावर. म्हणाली, मी केलं ते तू करू नकोस. मी तरी तेच केलं."

यतीनला हे काहीच आठवत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आणि मग," काकू म्हणाल्या, "तू इंग्रजीत गेलास. हे शिफ्टवर. माझं इंग्रजी दुकानात चालेल इतपत. दिवसभर मी कुणाशी बोलायचं? भिंतीशी? क्लेमीच्या स्वयंपाकघरात निदान एक माणूस असं होतं, ज्याला मी बोललेलं हवं असायचं. मी हौस म्हणून नाही शिकले, यतीन. माझी जागा रिकामी पडली होती, तिथे ही भाषा आली."

सकाळी बांधावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आश्लेषाला असं मिळालं. तो प्रश्न विचारल्याबद्दल तिला वाईट वाटलं नाही. पण आणखी काही विचारावंसं वाटेना.

यतीन जॅकेट घेऊन बाहेर गेला. खिडकीतून तो चर्चच्या बाजूला वळताना दिसला.

*

पाच वाजता अंधारायला लागलं तेव्हा तो परत आला. काही न बोलता त्यानं ओसरीवरचा दिवा लावला. गल्लीच्या टोकाला फिडल वाजत होतं.

"पहिलं घर आपलंच असतं," काकू उल्काला सांगत होत्या. "पण ते आपणहून आत येत नाहीत. बाहेर उभं राहून गातात, मग थांबतात. घरातल्या माणसानं दारातून उत्तर द्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. ह्यांचा मान असायचा तो. मागच्या वर्षी दुखवटा होता, ते नुसते टोप्या काढून पुढे गेले."

"मग आज कोण देणार?" आश्लेषानं विचारलं.

"मीच देईन. दुसऱ्या कुणाला येतंय?"

गाणं ओसरीशी आलं. थंडीत ते तालमीपेक्षा कितीतरी मोठं वाटत होतं. तो घोटलेला शब्द आला आणि बरोबर आला; काकूंनी डोळे मिटून मान हलवली. शशिकांत कोट घालून पुढे झाले होते, खेळ्यांच्या पुढे उभं राहावं तसे. शेवटची ओळ झाली. फिडल थांबलं. पाच जण अंधारात वाट बघत उभे राहिले.

काकू उठायच्या आत यतीन दारात गेला.

"आंत्रे, आंत्रे," तो मोठ्यानं म्हणाला. "ऑन-ए तुझूर ला."

शब्द नाकातून आले, जिथे गिळायचे तिथे गिळले गेले. रेमंडनं टोपी काढली. तो यतीनच्या खांद्यावर एक थाप मारून आत आला. मग सगळेच आले, आणि स्वयंपाकघरात एकदम बूट, पिसं, हशा आणि थंडीचा वास भरला. उल्कानं एडिसनहून आणलेल्या चकल्या बशीत ओतल्या. शेरीफनं एक उचलून उजेडात फिरवून पाहिली. शशिकांतांनी त्याला ती कशी पाडतात ते हातवाऱ्यांनी समजावलं.

ते पुढच्या घराकडे गेले.

"तुला हे कुणी शिकवलं?" काकूंनी विचारलं.

"नोबडी," यतीन म्हणाला. दर वर्षी बाबा दारात म्हणायचे आणि तो त्यांच्या पायांशी उभा असायचा, एवढंच.

"आणि याचा अर्थ काय रे?" शशिकांतांनी विचारलं.

"नो आयडिया, काका."

काकूंनी बशा गोळा करता करता सांगितलं, "या, आत या. आम्ही अजून इथेच आहोत."

यतीन खुर्चीवर बसला. आपण गावादेखत काय बोलून बसलो, याचा तो विचार करत असावा. शशिकांतही बराच वेळ भिंतीकडे बघत होते, पण आता ओल शोधत नव्हते.

"मग तो परवाचा रिअल्टर?" अखेर त्यांनीच विचारलं.

यतीननं काहीतरी इंग्रजीत म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द शोधायला त्याला वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

"मी त्याला…" तो म्हणाला, "मी त्याला उद्या फोन करेल. नको येऊ म्हणून."

"करीन," काकू म्हणाल्या.

"व्हॉट?"

"मी करेल नाही. मी करीन."

"करीन," यतीन म्हणाला. "मी फोन करीन."

आश्लेषाही ओठ न हलवता म्हणून बघत होती. नागपूरला तीही जन्मभर 'करेल'च म्हणत आली होती.